दोन हिस्टोग्राम, पट्टी एकच

मुंबईतल्या कुलाबा आणि सांताक्रूझच्या रोजच्या पावसाची तुलना हिस्टोग्रामने, म्हणजे पावसाच्या प्रत्येक टप्प्यात किती दिवस आले हे खांबांनी दाखवणाऱ्या आलेखाने, करायची तर या टप्प्यांच्या म्हणजे वर्गांच्या सीमा आधी स्वतः ठरवा: ०-२०, २०-४०, ४०-६० मिमी, दोन्हींना त्याच. नेमका २० मिमी पाऊस कोणत्या वर्गात, हेही.

हे सॉफ्टवेअरवर सोडलंत तर २६ जुलै २००५ घात करतो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला पाऊणशेसुद्धा नाही. आपोआप पाडलेले दहा वर्ग सांताक्रूझला साधारण ९४ मिमी रुंद होतात आणि बहुतेक दिवस पहिल्याच खांबात कोंबले जातात, विरार लोकलसारखे. २०० च्या पुढचं सगळं एका वर्गात टाका, पण तसं लिहून.

नोंदींची संख्या वेगळी असेल तर उभ्या अक्षावर दिवस नको, टक्के घ्या. आलेख एकाखाली एक मांडा. एकावर एक रंगवले की मागचा झाकतो.