चिंच, करवंद, गोरखचिंचेचं मिनी बोन्साय करताय? या चुका टाळा

संध्याकाळी चिंचेची पानं मिटलेली दिसली की नवखा माणूस घाबरून पाणी घालतो. दुसऱ्या दिवशीही तेच. चिंच रोज दिवस मावळताना पानं मिटते, तो तिचा स्वभाव आहे, तहान नव्हे. आठ-दहा दिवस असं पाणी पडत राहिलं की मुळं कुजतात आणि मग पानं खरोखरच गळतात. पाणी घालण्याआधी माती बोटाने चाचपा. अर्धा इंच खाली ओल लागली तर झारी खाली ठेवा.

गोरखचिंचेच्या (म्हणजे बाओबाबच्या) बाबतीत तर हीच चूक जिवावर बेतते. हिवाळ्यात ती पानं टाकते आणि उन्हाळाभर नुसतं खोड उभं असतं. झाड मेलं असं वाटून आपण पाणी वाढवतो. मी असंच एक पाच वर्षांचं झाड घालवलं. एका सकाळी खोड अंगठ्याने दाबलं तर पिकलेल्या केळ्यासारखं आत गेलं, वासही आंबूस येत होता. पानं नसतील तेव्हा पाणी जवळजवळ बंद करा. पालवी फुटू लागली की पुन्हा सुरू करा.

खोड बारीकच राहतं, ही सगळ्यांची तक्रार. कारण साधं आहे: काडीएवढं रोप थेट छोट्या ट्रेमध्ये लावलेलं असतं. ट्रेमध्ये वाढ थांबते, जाडी येत नाही. आधी मोठ्या कुंडीत दोन-तीन वर्षं मोकळं वाढू द्या, मग छाटून लहान करा. करवंद सावकाश वाढतं, त्याला आणखी वेळ द्यावा लागतो. मे महिन्यात करवंदं खाल्ली की बिया धुऊन लगेच पेरा, वाळवून ठेवल्या तर फारशा उगवत नाहीत. डोंगरातली जुनी झुडपं उपटून मात्र आणू नका. ती बहुधा जगत नाहीत आणि डोंगरही उघडा पडतो.

पानं छाटून छाटून लहान होतात, पण फळाचा आकार काही कमी होत नाही. वीतभर कवठाला फळ धरलं तर ते चेंडूएवढंच होणार. फळं हवी असतील तर करवंद किंवा लहान फळाचं लिंबूवर्गीय झाड घ्या.

नुसती काळी माती कधीच वापरू नका. ओली असताना चिकट गोळा, वाळली की भेगा, आणि त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात. विटांची चुरी चाळून धूळ काढून टाका, त्यात थोडी लाल माती आणि जुनं शेणखत मिसळा.

पावसाळ्यात फांद्या भराभर जाड होतात, त्यामुळे आकार देण्यासाठी फांदीला गुंडाळलेली तार सालीत रुतते. दर आठवड्याला बघा. रुतायला लागली तर उलगडत बसू नका, कटरने तुकडे करून काढा.

आणि मे महिन्यात बोटभर कुंडी दुपारपर्यंतच कोरडी पडते. पसरट ताटलीत वाळू भरून ती ओली ठेवा आणि कुंड्या तिच्यात थोड्या रोवून ठेवा.