चिलखत निवडताना आणि अंगावर पेलताना

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला प्रतापगडावर किंवा शिवजयंतीला साताऱ्याच्या मिरवणुकीत एकमेकांत गुंफलेल्या कड्यांचं चिलखत घालायचं असेल, तर आधी वजन बघा. अर्ध्या बाह्यांचं, मांडीपर्यंतचं पोलादी चिलखत साधारण 9 ते 12 किलो भरतं. तेच ॲल्युमिनियमचं केलं तर वजन जवळपास एक तृतीयांश होतं. तासन्‌तास मिरवणुकीत चालणाऱ्याने ॲल्युमिनियमच घ्यावं, त्यात कमीपणा नाही. मात्र पांढऱ्या कपड्यावर त्याचे काळसर डाग पडतात.

मर्दानी खेळासाठी पोलादी, रिव्हेट मारलेल्या, म्हणजे टोकं बारीक खिळ्याने पक्की जोडलेल्या कड्यांचं घ्या. टोकाला टोक नुसतं भिडवलेल्या कड्या जोराच्या ओढीने उघडतात. आणि कड्या कशाही असोत, समोरच्याच्या हातात धारदार हत्यार नको. चिलखत काप अडवतं, मार अडवत नाही. तो थेट हाडाला लागतो, म्हणून आत जाड सुती बंडी हवीच. माप त्या बंडीवरूनच घ्यायचं आणि छातीला 15 ते 20 सेंमी जास्त ठेवायचं. दोन्ही हात वर करून बघा. काखेत ओढ बसत असेल तर तिथे कड्यांची जादा पट्टी घालून घ्या.

खांदे भरून येतात ते बहुतेक वेळा पट्टा नीट न बांधल्याने. 5 ते 7 सेंमी रुंद चामडी पट्टा घ्या. चिलखत दोन्ही हातांनी वर उचलून धरा, जोडीदाराला कमरेवर पट्टा आवळायला सांगा, मग हात सोडा. पट्ट्यावर कड्यांचा फुगा आला पाहिजे. तेवढा भार कमरेवर गेला. वरून शेला बांधला की पट्टा दिसत नाही.

सवय आठवडाभर आधीपासून करा: पहिल्या दिवशी अर्धा तास सपाटीवर, नंतर जिने. गड चढताना मात्र चिलखत सॅकमध्ये, पाठीला घट्ट बांधून न्या आणि वर पोचल्यावर घाला. तिथीची शिवजयंती फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे उन्हाच्या तोंडावर येते, आणि कड्या तापतात. वरून सुती अंगरखा घाला. 1659 मध्ये अफजलखानाच्या भेटीला महाराजांनीही चिलखत अंगरख्याखालीच घातलं होतं. चक्कर किंवा मळमळ वाटली की लगेच उतरवा: पट्टा सोडा, कमरेत वाका, हात जमिनीकडे सोडा. चिलखत आपल्याच वजनाने डोक्यावरून घसरतं. लांब केस आधी बांधलेले हवेत, नाहीतर कड्यांत ओढले जातात.

घामातल्या मिठाने पोलाद लवकर गंजतं. त्याच दिवशी कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनचं तेल लावा आणि घडी घालून ठेवा. हँगरला टांगलं तर खांद्यावरच्या कड्या ताणतात.