एकच डबकं धरून बसा

मालवणच्या खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकाळ पट्ट्यावर, ओहोटीला खडकांत पाणी साचून राहतं अशा एकाच डबक्याशी मी चार वर्षं बसतेय. समुद्रजीव बघायची आवड असेल तर सगळा किनारा पालथा घालू नका, एक डबकं धरा.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही खोल जाते, तेव्हा जा. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, खडप नीट उघडं पडत नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पाणी पूर्ण उतरायच्या तासभर आधी पोचा. कालवांच्या कडा पाय कापतात, रबरी चप्पल हवीच.

फोन पिशवीत. सावली पाण्यावर पडणार नाही असं बसा. पहिली दहा मिनिटं काहीच हलत नाही आणि बहुतेक जण तिथेच उठतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण शंखातला खेकडा त्यानंतरच बाहेर येतो. एकदा त्याने रिकामा शंख नांगीने आतून चाचपला, गरगर फिरवला, आणि पापणी लवेस्तोवर मऊ पोट जुन्यातून काढून नव्यात घातलं. तेवढ्यासाठी मी अकरा ओहोट्या बसले होते!

वहीत दिसलं तेवढंच लिहा, वेळेसकट. नावं नंतर शोधता येतात. पाणी चढू लागलं की मात्र लगेच उठा, पाठीमागची वाट आधी बुडते.