मेंटेनन्स थकला, नोकरी गेली: सोसायटीने काय करावं

दोन महिन्यांची थकबाकी दिसली की सेक्रेटरीने घरी जाऊन बोलावं. बोर्डावर नाव लावू नका. त्याने वसुली होत नाही, माणूस जिन्यात दिसायचा तेवढा बंद होतो. भाडेकरू असेल तर आधी करार बघा, कारण सोसायटीचं बिल फ्लॅटमालकाच्या नावावर असतं.

मग हप्ते. महिना 1,200 रुपये आणि सहा महिने थकले तर 7,200. चालू बिलासोबत 600 घेतले की वर्षात फिटतात. अनेक सोसायट्यांच्या उपविधीत, म्हणजे नियमावलीत, थकबाकीवर 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज आहे, म्हणजे 7,200 वर महिन्याला 126 रुपये. आलेली रक्कम आधी मुद्दलात जमा होणार की व्याजात, हे लिहून घ्या. बहुतेक भांडणं इथंच होतात. व्याजात सूट द्यायची तर विषय सर्वसाधारण सभेत घ्या. कमिटीने परस्पर दिली की पुढच्या ऑडिटमध्ये प्रश्न येतो.

काम शोधताना सोसायटीतल्याच ओळखी कामाला येतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीत जाणारं कोणीतरी प्रत्येक बिल्डिंगीत सापडतं. नुसतं ‘काम बघा’ म्हणू नका. सीएनसी मशीन, फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणं), स्टोअर की अकाउंट्स, ते नेमकं सांगा. राज्य सरकारच्या महास्वयम् या रोजगार पोर्टलवर नोंदणी करून द्या; मोबाईल नंबर चालू आहे ना, ते तपासा.

पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना जातो, म्हणून पहिला हप्ता त्यानंतरच लावा.