गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर खेळायचा गोळा तांदळाचा

घरीच शिकणाऱ्या मुलांना अक्षरं वळायला क्ले लागतोच, पण बाजारातल्या बऱ्याच मऊ क्लेमध्ये गव्हाचं पीठ असतं. तो हात तोंडात जातो आणि आपण मात्र दोष जेवणाला देतो.

एक वाटी तांदळाचं पीठ, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, चमचाभर खोबरेल आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहा. तीन-चार मिनिटांत मिश्रण कढई सोडतं. कोमट झालं की मळा. तडे गेले तर पाण्याचा हात लावा, चिकटलं तर पीठ भुरभुरवा. पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेत मीठ पाणी धरतं, म्हणून गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. वास बदलला की सरळ टाका. मीठ भरपूर आहे, तेव्हा मूल तो खात नाही ना, यावर लक्ष हवं.

पीठ गिरणीतून आणू नका. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात उरलेला असतो. तांदूळ धुऊन, वाळवून मिक्सरला लावा. आणि हो, डाळीच्या फोडणीतला हिंगही तपासा, बांधणी हिंगात, म्हणजे पीठ-डिंक मिसळून केलेल्या हिंगात, बहुधा गव्हाचं पीठ असतं. पाकिटावरची अ‍ॅलर्जीची ओळ शोधणं हाच त्या दिवसाचा वाचनाचा धडा होऊ द्या.

पोदेराचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याचा, पाव घरातले बाकीचे खात असतील तर अभ्यासाच्या टेबलावर नको. चुरा सांडलाच तर ओल्या फडक्याने पुसा. हात साबणानेच धुवा, सॅनिटायझरने अ‍ॅलर्जीचं प्रथिन निघत नाही.