अकिलीस टेंडनच्या दुखण्यानंतर धावायला परतताना

नुसत्या विश्रांतीने अकिलीस टेंडनची (पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड दोरीची) वेदना जाते, पण ताकद परत येत नाही. म्हणून धावायला लागलं की दुखणं पुन्हा हजर. मला लागू पडला तो १९९८ साली स्वीडिश डॉक्टर आल्फ्रेडसन यांनी मांडलेला व्यायाम: पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे, चांगल्या पायाच्या जोरावर वर जायचं आणि दुखऱ्या एका पायावर सावकाश खाली यायचं. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ सेट, गुडघा किंचित वाकवून तेवढेच; दिवसातून दोनदा, १२ आठवडे. वाकवलेल्या गुडघ्याचे सेट कंटाळवाणे म्हणून लोक गाळतात, आणि धावताना सर्वाधिक राबणारा सोलियस, म्हणजे पोटरीचा आतला स्नायू, कच्चाच राहतो. दुखणं टाचेच्या हाडालगत असेल तर मात्र टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा.

धावणं एक दिवसाआड: १ मिनिट धाव, २ मिनिटं चाल, अशा ८ फेऱ्या. चढ सुरुवातीला नकोच, त्यात टेंडन जास्त ताणतो. घड्याळातला पेस (किलोमीटरमागची वेळ) तर बंदच करून टाका, जुने आकडे डोकं फिरवतात.

रन जड जातो तेव्हा धाप आणि भरलेल्या मांड्या सोसायच्या. इतके दिवस न धावल्याने दम कमी झालाय, त्याचा तो हिशेब आहे. टेंडनची वेदना १० पैकी ५ पर्यंत चालते. ती वाढतच गेली किंवा पाय लंगडू लागला, तर उरलेलं अंतर चालत. खरा निकाल दुसऱ्या सकाळी: पलंगावरून उतरल्यावर टाच नेहमीपेक्षा जास्त आखडली असेल, तर पुढच्या वेळी दोन फेऱ्या कमी.