अकिलिस टेंडनसाठी शॉकवेव्ह: सिटिंगआधी आणि नंतर काय करायचं

अकिलिस टेंडन म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड पट्टा. शॉकवेव्ह म्हणजे तो दुखत असेल तर मशीनने बाहेरून त्यावर दाबाचे ठोके देण्याचा उपचार. आधी दुखरी जागा नक्की करा. चिमटीत टेंडन धरून टाचेच्या हाडापासून वर दाबत जा. हाडाच्या 2 ते 6 सेंटिमीटर वर जाडसर लागलं आणि तिथेच कळ आली, तर दुखणं मधल्या भागाचं. टेंडन हाडाला चिकटतं तिथे दुखलं, तर जोडाचं. पुढचा व्यायाम यावरच ठरतो.

पोटरीखाली 'फट्' झालं आणि एकाएकी जोर गेला, तर टेंडन तुटलेलं असू शकतं. अशा वेळी शॉकवेव्ह नाही, त्याच दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा. गरोदरपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पेसमेकर, त्या जागी संसर्ग किंवा ट्यूमर, नुकतंच घेतलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, यातलं काहीही असेल तर आधीच सांगा.

सिटिंगमध्ये पालथं झोपवतात, पाऊल टेबलाबाहेर, वर जेल. रेडियल मशीनवर (याचे ठोके कातडीपासून आत पसरत जातात) साधारण 2000 ठोके, सेकंदाला 8 या वेगाने. म्हणजे काम चारेक मिनिटांचं. दाब कमी ठेवून सुरुवात करावी आणि सोसेल तसा 2.5 ते 3 बारपर्यंत न्यावा. आठवड्याला एक, अशा किमान 3 सिटिंग. भूल घेऊ नका: जागा सुन्न झाली की नेमका दुखरा बिंदू तुम्हाला सांगता येत नाही आणि ठोके भलतीकडेच पडतात.

नंतर एक-दोन दिवस ठणकतं, कातडी लाल होते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन सहसा टाळायला सांगतात. चालत असेल तर पॅरासिटामॉल घ्या. दोन दिवस धावणं, उड्या बंद.

खरी मेहनत पुढे आहे, आणि बहुतेकांचं इथेच बिनसतं. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून चांगल्या पायाने वर जा, दुखऱ्या पायावर टाच सावकाश खाली सोडा. 15 चे 3 सेट गुडघा सरळ ठेवून, 3 किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. दुखणं जोडाचं असेल तर हेच सपाट जमिनीवर करा. टाच पायरीखाली गेली की टेंडन हाडावर दाबलं जातं आणि त्रास वाढतो. व्यायामात दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी चालेल, मात्र दुसऱ्या सकाळी पाय नेहमीपेक्षा जास्त आखडला तर वजन किंवा सेट कमी करा.

तिसऱ्या सिटिंगनंतर लगेच निकाल लावू नका, टेंडन सावकाशच भरतं. 12 आठवडे नेमाने व्यायाम करूनही फरक नसेल, तर आणखी सिटिंगचे पैसे भरण्याआधी सोनोग्राफी करून निदान पुन्हा तपासून घ्या.